दांडीपासून चार बोटं

नव्या रबराचा वास मला आजही रागाचा वाटतो. उन्हात तापलेला टायर, त्याच्यावरची पांढुरकी भुकटी, चेनचं घट्ट तेल, सीटला गुंडाळलेलं प्लॅस्टिक, असा तो सगळा मिळून एक वास. बुधवार पेठेतल्या त्या सायकलच्या दुकानाची पायरी चढले की तो नाकाच्या आधी घशात शिरायचा. त्या दुकानातून माझ्यासाठी दोन सायकली आल्या. दोन्हींच्या मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. दोन्ही मला मोठ्या होत्या, आणि त्या मोठ्या आहेत हे घेणाऱ्यांना घेतानाच ठाऊक होतं.

पहिली मी आठवीत असताना आली. स्वारगेटजवळ दोन खोल्यांत आई, वडील, मी आणि धाकटा भाऊ असं आमचं चौघांचं बिऱ्हाड होतं. आई घरी शिवणकाम करायची आणि आसपासच्या शाळांचे गणवेश तिच्या मशीनवरून जायचे. लोकांच्या मुली आल्या की ती त्यांना खिडकीपाशी उजेडात उभं करायची, खांदा, छाती, कंबर, उंची असं एका दमात मोजायची आणि खडूनं पाटीवर लिहायची. त्या मुलींच्या अंगावर तिचे कपडे असे बसत, की कापड आणि मुलगी एकदमच वाढली असावीत. माझ्यासाठी टेप कधी निघाला नाही. माझं माप नजरेनं, आणि त्यावर चार बोटं माया. आत दुमडून ठेवलेलं हे जादा कापड दर जूनमध्ये थोडं थोडं उसवलं जायचं. शाळा सुरू होताना मी माझ्याच गणवेशात हरवलेली असायची. तो अंगाला नेमका बसू लागेपर्यंत त्याचा निळा रंग विटलेला असायचा, आणि उसवलेल्या घड्यांच्या गडद रेघा मात्र एकाखाली एक तशाच राहायच्या.

सायकलीच्या बाबतीतही तेच झालं. दुकानात दाराशी एक लाल लेडीज सायकल होती. मी तिच्या हँडलवर हात ठेवला. आई दुकानदारांना म्हणाली, "ती नको. ती काळी दाखवा. बावीस इंची, आडव्या दांडीची. हिच्यानंतर धाकट्याला होईल."

दुकानदार तेव्हा तरुण होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता काळी सायकल पुढे ओढली. "मुलीही वाढतात हो बाई."

"मुलगे जास्त वाढतात," आई म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

वर्षभर मी ती सायकल दांडीखालून पाय घालून चालवली, अंग एका बाजूला मोडून. दुसऱ्या वर्षी दांडीवरून चढू लागले. त्यासाठी फूटपाथची कड लागायची, आणि उतरायलाही. एका दुपारी स्वारगेटच्या चौकात समोर एस.टी. आडवी आली. मी करकचून ब्रेक दाबला, सीटवरून पुढे घसरले, पाय खाली सोडले आणि जमीन लागायच्या आत दांडी लागली. त्या दुखण्याचा रंग मला आठवतो. डोळ्यांपुढे आधी पांढरं झालं आणि मग शेवाळी. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिचे पाय मशीनच्या पायट्यावर चालू होते, आणि ते चालूच राहिले.

"दांडीवर?" तिनं विचारलं.

"हो."

"तेल लाव. कुठं लागलं ते कुणाला सांगत बसू नकोस."

मी नाही सांगितलं. मांडीच्या आतल्या बाजूला जांभळं, हिरवं आणि शेवटी हळदीसारखं होत होत ते एकटंच बरं झालं. भावानं ती सायकल एक दिवसही चालवली नाही. अकरावीत त्याला मोपेड आली. काळी सायकल जिन्याखाली उभी राहिली, तिच्या दांडीवर पायपुसणी वाळत घातली जाऊ लागली आणि मग ती भंगारात गेली.

पुढे मी कविता शिकले. एम.ए.ला जुन्या छंदांवर प्रबंध लिहिला. ओळीच्या मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायच्या आणि एखादी जास्त झाली तर शब्द काढून टाकायचा, यात माझी पाच वर्षं आनंदात गेली. त्या आनंदावर पोट भरत नाही हे कळेपर्यंत देश बाहेरच्या मालाला उघडला होता आणि हिंजवडीच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका कंपनीत मी यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका लिहू लागले. 'झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा' अशी वाक्यं इंग्रजीत लिहायची. त्यांत मात्रा मोजत नाहीत, पण एक शब्द जास्त झाला तर वरिष्ठ तो काढतात. लग्न झालं, मुलगा झाला, बाणेरला फ्लॅट झाला. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि येताना मशीन घेऊन आली.

चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा सायकल घ्यायचं ठरवलं. ऑफिसातली मुलंमुली दर रविवारी सकाळी डोंगरी सायकली घेऊन हिंजवडीमागच्या कच्च्या रस्त्यांनी कासारसाईच्या धरणापर्यंत जात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते त्या रस्त्यांविषयी ज्या आवाजात बोलत, तो आवाज मी विद्यापीठानंतर ऐकला नव्हता. मला तो हवा होता.

दुकान तेच होतं, पण दाराच्या लाकडी फळ्या जाऊन तिथे काच आली होती. भिंतीवर पुढच्या चाकांनी टांगलेल्या गिअरच्या सायकली, जाड दातेरी टायर, आणि प्रत्येक फ्रेमवर सीटच्या खाली एक बारीक आकडा. पंधरा, सतरा, एकोणीस. दुकानदारांचे केस पांढरे झाले होते. माझ्या आधी एक कॉलेजचा विद्यार्थी आला होता. त्याला त्यांनी सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभं केलं. "आता दांडी धरून सायकल वर उचला. दोन्ही चाकं. अंगाला लागेपर्यंत." तो उचलू लागला आणि ते खाली वाकून चाकाखालची फट बोटांनी मोजू लागले. "चार बोटं. ही तुमची. दोन बोटं आली असती तर दिली नसती."

मग माझी पाळी.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"चालवणार कोण?"

"मीच."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्यामागे कोणी आहे का ते पाहू लागले.

मागे कोणी नव्हतं, पण तेवढ्यात पर्समधला मोबाइल वाजला. नवरा कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत होता आणि मी दुकानात जाणार हे त्याला माहीत होतं. दोन वाक्यं बोलून मी म्हणाले, "थांब, यांच्याशीच बोल," आणि फोन दुकानदारांच्या हाती दिला. ही चूक सर्वस्वी माझी.

"वहिनींची उंची किती?" त्यांनी फोनला विचारलं. मी दोन हातांवर उभी होते.

पलीकडून बरंच काही सांगण्यात आलं. ते मान हलवत राहिले. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा निर्णय झालेला होता.

"अगं, एकोणीस घे," नवरा म्हणाला. "पंधरा म्हणजे खेळणं. चिरंजीव दोन वर्षांत माझ्या उंचीचे होतील, मग त्यांना लगेच चालवता येईल. वस्तू कशी, फ्युचर-प्रूफ घ्यावी."

"आणि मी?"

"सीट खाली करता येते ना!"

मी दुकानदारांना म्हटलं, "मीसुद्धा मघाच्या त्या विद्यार्थ्यासारखी उभी राहून बघते."

"कशाला? बाईमाणसाचं माप आम्ही नजरेनं घेतो." त्यांची नजर सभ्य होती. ती माझ्या कपाळापाशी सुरू झाली आणि कपाळापाशीच संपली.

एकोणीसची सायकल घरी आली तेव्हा आई म्हणाली, "घोडा आणलास की."

पहिल्या रविवारी मारुंजीच्या रस्त्याला लागले तेव्हा ओल्या उसाचा आणि नव्या सिमेंटचा वास एकाच झुळकीत येत होता. एका बाजूला तुरे हलत होते, दुसऱ्या बाजूला लोखंडी सळ्या. हे सगळं मला आवडायला हवं होतं. पण सीट तळापर्यंत खाली केली तरी माझे हात हँडलपर्यंत ताणलेले होते, पाठीत कळ येत होती आणि दर थांब्याला मला रस्त्याची कड शोधावी लागत होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान सहकारी मागून येऊन हळहळत. "मॅम, सीट इतकी लो नका ठेवू, नी पेन होईल." "मॅम, ही फ्रेम तुमची नाहीये, सीरियसली." मला ते ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यांदा ऐकण्याइतकं संतापजनक काही नसतं.

चहाच्या टपरीपाशी गट थांबला. मी एका दगडावर पाय टेकवून कशीबशी उतरले. बाकावर गावचे एक गृहस्थ बसले होते. पायांत पांढरे बूट, गळ्यात सोन्याची साखळी. समोरच्या नव्या इमारतीची जमीन त्यांचीच होती, असं टपरीवाल्यानं कौतुकानं सांगितलं.

"ताई," ते म्हणाले, "सायकल तुमची हाय का सायबाची?"

"माझी."

"तुमची न्हाय वाटत."

सगळे हसले, माझे सहकारीही. मी म्हणाले, "समोरची जमीनही तुमची वाटत नाही आता."

हसणं थांबलं. त्यांनी चहाचा पेला बाकावर ठेवला आणि पलीकडे उसाकडे पाहत राहिले. नवरा, दुकानदार आणि आई यांना द्यायचं ते मी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाला दिलं होतं. मला वाईट वाटलं, पण क्षमा मागण्याइतकं नाही. मी दगडावर चढून सायकलवर बसले आणि सगळ्यांच्या आधी निघाले.

पुढच्याच उतारावर खडीचा ढीग होता. ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, मी सीटच्या पुढे आले आणि पाय खाली सोडले. आधी दांडी लागली आणि मग जमीन. तीच जागा. डोळ्यांपुढे तेच पांढरं आणि तेच शेवाळी. खडीत बसून मी हेल्मेट काढलं आणि स्वतःशी मोठ्यानं एक शिवी दिली, जी कुठल्याही छंदात बसत नाही.

दोन दिवसांनी टेम्पोत सायकल घालून मी दुकानात गेले.

"ही मला मोठी आहे."

"तुमच्या मिस्टरांनीच सांगितली," दुकानदार म्हणाले.

"मिस्टर चालवत नाहीत."

"मुलगा—"

"मुलगाही चालवत नाही. मी चालवते, आणि मी पडले."

"अरेरे. कुठं लागलं?"

"दांडीवर आपटले," मी म्हणाले. "दोन मांड्यांच्या मध्ये."

मी हे भरल्या दुकानात, वर्गात शिकवावं तशा आवाजात म्हणाले. मागे चाकाचे आरे पिळणाऱ्या कारागिराचा पाना थांबला. दुकानदारांनी गल्ल्याचं कुलूप उघडलं, आत काही पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"सीट खाली-वर होते," ते म्हणाले. "दांडी होत नाही. आमचंच चुकलं म्हणा हवं तर."

"म्हणते."

त्यांनी मान वर केली. "मग नीट ऐका. घरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं. एक जाड पुस्तक पायांच्या मध्ये धरायचं, सीट लागते तितकं वर, घट्ट. त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप. तो आकडा आणा. शनिवारी कंपनीचा टेम्पो येतो. तोवर आणलात तर ही परत पाठवतो आणि तुमच्या मापाची देतो. नंतर नाही. आणि आकडा नेमका हवा. पुन्हा चुकला तर माझ्याकडे यायचं नाही."

"पुरुषांचं माप तुम्ही इथं घेता."

"पुरुषांना लाज वाटत नाही."

"मला वाटते असं कोण म्हणालं?"

"मला वाटते," ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "अगं, कशाला बदलतेस? राहू दे ती त्याच्यासाठी. तुला आपण एक छान बास्केटवाली घेऊ." माझ्या उत्तराआधीच तो बास्केटच्या रंगांपर्यंत पोचला होता. मी फोन ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा, वाक्याच्या मध्येच.

शनिवारी सकाळी मी हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सुरुवातीला मीच लिहिलेली पंपाची पुस्तिका घेतली, पण तिचा पुठ्ठा मऊ, तो दुमडला. मग कपाटातून कापडी बांधणीचा माझा प्रबंध काढला. तो ताठ होता. पण आकडा वाचायला मान खाली घातली की कंबर वाकायची आणि पुस्तक घसरायचं. पहिल्यांदा साडेसव्वीस इंच आले, मग अठ्ठावीस, मग सत्तावीसला थोडं कमी. साडेसव्वीसची सायकल एक आणि अठ्ठावीसची दुसरी, आणि दुकान एकला जेवणासाठी बंद होणार. चौथ्यांदा टेप सुटून टाचेवर आपटला.

डायनिंग टेबलाशी बसून आई गवारीच्या शेंगा मोडत होती. "काय चाललंय? कवायत?"

"माप घेतेय."

"कशाचं?"

"माझं. सायकलसाठी. यावेळी माझ्यासाठी येणार आहे ती, पुढच्यांसाठी नाही."

शेंग मोडल्याचा कट्‌ असा आवाज आला. "हे मला आहे वाटतं."

"तुलाच आहे. धाकट्याला होईल म्हणालीस. त्यानं हात तरी लावला का त्या सायकलीला? दोन वर्षं मी त्या दांडीला लटकले, कशासाठी?"

"शाळेत जाण्यासाठी," आई म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, तो तिला कधी चढवावा लागत नाही. "तुझ्या वडिलांना काय सांगायचं होतं मी? मुलीला सायकल हवी? त्या घरात? तुझ्या नावानं मागितली असती तर दहावीपर्यंत पायी गेली असतीस. धाकट्याच्या नावानं मागितली, म्हणून आली. ती लाल आणली असती तर ती त्याची कशी म्हणणार होते?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस. तुझ्या पोटात काही राहतं का?"

मला हे तेव्हा ऐकायला हवं होतं, आणि आता नको होतं. इतकी वर्षं मी तो राग इस्त्रीच्या घडीत ठेवला होता. कुठून धरायचा, कुठे दुमडायचा, सगळं पाठ होतं. शेंगा मोडता मोडता तिनं तो उलटा करून माझ्यापुढे टाकला होता, आणि शिवण आतल्या बाजूनं वेगळीच दिसत होती.

"आणि पडले तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा मशीन तरी थांबवायचं होतंस."

तिनं हातातली शेंग न मोडताच टाकली. ताटली बाजूला सारून उठली, आपल्या खोलीत गेली. मशीनचा ड्रॉवर अडकतो, तो दोनदा ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात तिचा पिवळा कापडी टेप होता, पितळी टोकाचा, ज्याच्यावरचे पहिले पाच-सहा आकडे अंगठ्यानं घासून पुसले गेले आहेत. लोकांच्या मुली ज्यानं मोजल्या तोच.

"तो फेक," माझ्या हातातल्या टेपकडे पाहून ती म्हणाली. "लोखंडाचा! फळी मोजायची आहे का?"

मी प्रबंध पुन्हा पायांमध्ये धरला. ती भिंतीचा आधार घेत खाली बसली. आधी एक गुडघा वाजला, मग दुसरा. पितळेचं गार टोक माझ्या टाचेला लागलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि बोटांना हिरव्या शेंगांचा वास येत होता.

"जास्तीचं धरू नकोस," मी म्हणाले. "चार बोटं नको, एक बोटही नको."

तिनं टेप ओढला. तिच्या अंगठ्याचं नख प्रबंधाच्या कडेवर येऊन थांबलं. आकडा पाहायला मी खाली वाकले. तिनं मान वर केली नाही. टाचणी दातांत धरून बोलावं तसं, ओठ न उघडता, ती म्हणाली:

"ताठ."